पाव आण्यावरील महाराज

ग्वाल्हेरचे कै. माधवराव महाराज शिंदे यांचा जन्म १८७६ चा. १८८६ साली, बालवयातच ते गादीवर आले. वडील जयाजीरावांच्या नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, शिंद्यांचे चिन्ह म्हणून एवढेसे 'जी' अक्षर! माधवरावांनी मात्र संवत १९७० च्या, म्हणजे १९१३ च्या पाव आण्यावर पगडीसह आपली मुखमुद्राच उमटविली. पूर्वी इटलीतील राजे अशी पदके घडवून मित्रांस भेट देत. महाराजांची छबी थेट बाजारात गेली. रुपयावर इंग्रज बादशहा विराजमान होता, म्हणूनच त्यांनी तांबे जवळ केले असावे, असे आम्हांस वाटते. १९२५ साली पॅरिस येथे ते निवर्तले. आमच्या आजीच्या डब्यात तो पैसा अजून आहे. नाक झिजले आहे. पगडी तेवढी ओळखू येते.