पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. तरीही किर्लोस्करांचा कारखाना कसा तगला?

नवा धंदा बुडाला की माल वाईट होता, असे आपण पटकन म्हणतो. अनेकदा माल चांगलाच असतो. पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसण्याआधी मालकाचे पैसे संपतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (1869-1956) लोखंडी नांगर नेमका इथेच अडला होता.

लक्ष्मणराव कोण होते?

जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. मात्र काही रंग नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले आणि चित्रकला सुटली. यांत्रिक रेखाटनात हात चांगला होता. त्या जोरावर ते आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. नोकरी करतानाच ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकत. पुढे बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले.

नांगर का विकला जात नव्हता?

लाकडी नांगर जमीन ओरखडत जातो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथवतो, त्यामुळे हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांची मुळे वर येतात. फायदा उघड होता. पण लोखंडाने जमिनीत विष भिनते, ती नापीक होते, असा समज होता. शिवाय हा नांगर ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागत. जमीन बिघडलीच, तर नुकसान कारखानदाराचे नव्हे, शेतकऱ्याचे होणार होते. त्यामुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

मग या काळात कारखाना कशावर चालला?

किर्लोस्कर बंधूंनी सगळी भिस्त नांगरावर ठेवली नव्हती. सायकलचा धंदा आधीपासून होता. जोडीला कडबा कापण्याचे यंत्र होते. ते घेताना शेतकऱ्याला जमीन पणाला लावावी लागत नव्हती. जनावरे अख्खी ताटे खाताना निम्मी पायदळी तुडवतात. कापलेला कडबा वाया जात नाही. हा फायदा गोठ्यात त्याच दिवशी दिसे, नांगराचा मात्र हंगामानंतर.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

बेळगाव नगरपालिकेने वसाहतीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली. नवख्या उद्योगाला असा धक्का सहसा पेलवत नाही. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ 32 एकर जागा आणि 10 हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. माळ ओसाड होता, निवडुंग माजलेला. पण व्याजाचा बोजा नव्हता आणि जड माल न्यायला रेल्वे दारात होती. 1910 मध्ये तिथे कारखाना आणि कामगारांचे गाव एकत्रच वसवले गेले.

युद्धाने काय बदलले?

पहिल्या महायुद्धात विलायती नांगरांची आयात आटली आणि देशी नांगराला मागणी आली. त्याच वेळी लोखंड आणि कोळशाचीही टंचाई झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. संधी अनपेक्षित होती, पण ती आली तेव्हा साचे, कारागीर आणि भट्टी तयार होती.

यशाचे गमक कशात?

राजाश्रय आणि युद्धकाळातली मागणी हा नशिबाचा भाग होता, हे नाकारता येत नाही. मात्र बेळगावातल्या त्या दोन वर्षांत पैसा संपला असता, तर हे नशीब उपयोगाला आले नसते. सायकली आणि कडबा यंत्राने ती वेळ निभावून नेली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. कुंडल रोड स्थानकाचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे.