आकाशातल्या करंटचा माग

लॅबमध्ये मीटरचा काटा उगाच हलला की आपण आधी लूज कनेक्शन शोधतो. नॉर्वेच्या क्रिस्टियन बर्कलंडने मात्र होकायंत्राची सुई थरथरली तेव्हा वर पाहिलं. वर ध्रुवीय प्रकाश नाचत होता.

बर्कलंडचा जन्म १८६७ चा, गाव क्रिस्टियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. १८९८ मध्ये तो तिथल्याच विद्यापीठात प्रोफेसर झाला. पण खुर्ची उबवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पुढच्याच वर्षी उत्तर नॉर्वेतल्या हाल्दे डोंगरावर, ९०० मीटर उंचीवर, तो हिवाळाभर राहिला. एक तरुण सहकारी बर्फाचा कडा कोसळून गेला. तरी १९०२-०३ मध्ये नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी त्याची माणसं एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेत होती.

त्या नोंदींवरून त्याने मांडलं ते असं: सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून ध्रुवांकडे उतरतात. शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या पातळ, आयनीभूत थरातून प्रचंड करंट आडवा वाहतो आणि पुन्हा रेषांवरून वर जातो. सर्किट पूर्ण! खात्रीसाठी पठ्ठ्याने निर्वात पेटीत चुंबकीय गोळा टांगून त्यावर कॅथोड किरण सोडले. गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची वलयं उमटली. सूर्याकडून फक्त इलेक्ट्रॉन येतात हे त्याचं सुरुवातीचं गृहीत मात्र पुढे टिकलं नाही.

या सगळ्याला पैसा लागायचा. म्हणून त्याने विजेवर चालणारी तोफ बनवली. ६ मार्च १९०३ ला विद्यापीठाच्या भरगच्च हॉलमध्ये डेमो ठेवला आणि नेमकं शॉर्ट सर्किट झालं. कानठळ्या, ज्वाळा, पळापळ. आपल्या प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये असं झालं तर एक्स्टर्नल काय करतील, विचारच नको! पण तसाच विजेचा आर्क त्याने सॅम आइडे या इंजिनिअरबरोबर कामाला लावला. चुंबकाने आर्क तबकडीसारखा पसरवायचा, त्यातून हवा सोडायची, नायट्रोजन-ऑक्सिजनचा संयोग घडवायचा आणि खत बनवायचं. १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली. ही पद्धत वीज फार खायची, त्यामुळे पुढे हेबर-बॉशने तिला मागे टाकलं.

बर्कलंडला झोप लागेनाशी झाली, व्हेरोनलच्या गोळ्या वाढल्या. काही वर्षं इजिप्तमध्ये काढून तो १९१७ च्या जूनमध्ये टोकियोत एका हॉटेलच्या खोलीत वारला. वय ४९.

त्याच्यामागे सिडनी चॅपमनसारख्या दिग्गजांनी करंट फक्त वातावरणातच फिरतो असं मांडलं आणि बहुतेकांना तेच पटलं. खरी गोम अशी की जमिनीवरच्या मीटरला दोन्ही सर्किटं जवळजवळ सारखीच दिसतात. मीटर त्या करंटच्याही वर न्यायला हवा होता. तो १९६० च्या दशकात गेला, सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या उपग्रहातून. ध्रुवीय भागावरून जाताना त्याच्या मॅग्नेटोमीटरवर नेमके तेच उभे प्रवाह उमटले. आज त्यांना बर्कलंड करंट म्हणतात. मोठ्या चुंबकीय वादळात ते दहा लाख अँपिअरच्याही वर जातात.