रेव्हरंड टिळक आणि वाट पाहणारे घर

६ डिसेंबर म्हटले की आपल्याला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन आठवतो. याच तारखेला, १८६१ साली, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. त्यांची जयंती दरवर्षी ख्रिस्ती बांधवांच्या आगमनकाळात येते. नाताळाआधीचे चार रविवार मिळून हा काळ होतो. येशूच्या जन्माची वाट पाहत मन तयार करायचे, हा त्याचा अर्थ. म्हणून यंदा टिळकांच्या आयुष्यातील वाट पाहण्याची हकिकत आम्ही सांगत आहोत.

टिळकांचे संस्कृतचे शिक्षण नाशिकला झाले. तेथेच जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचे लग्न झाले. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा स्वभाव भटका. कधी न सांगता घर सोडतील याचा नेम नसे. वाट पाहणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला लग्नापासूनच आले.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गृहस्थाने टिळकांना बायबलचा नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आभाळ कोसळले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. विटेवर उभा राहून भक्तांची वाट पाहणाऱ्या विठोबाच्या गावी एक बाई आपल्या मोडलेल्या संसाराकडे पाहत होती, आणि तिकडे टिळक तिच्या वाटेकडे डोळे लावून होते.

सुमारे पाच वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले, पण लक्ष्मीबाईंनी धर्म सोडला नव्हता. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका छपराखालीही वाट पाहणे संपले नव्हते. पुढे राहुरीस असताना, माणसामाणसांतला उच्चनीच भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंचे त्यांनाच उमगले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आम्हाला यात आगमनकाळाचा अर्थ दिसतो. वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, आणि दुसऱ्याला ओढून आणणेही नव्हे. तो आपल्या पायांनी येईल तेव्हा त्याला जागा असावी, एवढी तयारी ठेवणे.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ज्या पत्नीला त्यांनीच अक्षरओळख करून दिली, तिनेच त्याचे बहुतेक उरलेले अध्याय लिहिले. १९३४ पासून तिचे ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागले आणि हा सारा संसार मराठी माणसाला आपला वाटला.

कोसाडमधील आपल्या कितीतरी घरांत ही गोष्ट वेगळ्या रूपाने घडली आहे. घरचा कर्ता माणूस कामासाठी आधी सुरतेला आला. बायकोमुले खानदेशात गाडीची आणि निरोपाची वाट पाहत राहिली. त्या दिवसांबद्दल घरातल्या आजीला या महिन्यात एकदा विचारा. मुलांना सोबत बसवा. आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला नाताळाच्या शुभेच्छा द्यायला विसरू नका.