श्रीमती रमाबाई रानडे व परिचारिकेच्या शिक्षणाची पहिली पायरी

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील मंडळ्यांत जाणेयेणे असता आम्हांस एक प्रश्न वारंवार ऐकावयास मिळतो. कोणाची मुलगी बारावी होऊन घरी बसलेली असते. कोणाच्या सुनेचे शिक्षण लग्नामुळे मध्येच थांबलेले असते. कोणी तरुण विधवा पदरी मूल घेऊन माहेरी परतलेली असते. परिचारिकेचे शिक्षण घ्यावे असे तिच्या मनात येते. परंतु घरच्यांचे मन घेत नाही. इतक्या उशिरा शिकून काय होणार, पुस्तके कळतील काय, परक्या शहरी रात्रपाळीस तिने एकटीने कसे राहावे, आणि परक्या माणसांची घाण काढण्याचे काम आपल्याच लेकीने का करावे, अशा शंका निघतात, आणि होता होता प्रवेशाची मुदत टळून जाते.

या शंका नव्या नाहीत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुणे शहरात त्या याहून पुष्कळ कठोरपणे काढल्या जात. ज्या बाईने आपल्या कृतीने त्यांस उत्तर दिले तिचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगतो. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमच्या खेड्यांतील नर्सबाईंवर त्यांचे किती ऋण आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. आता ते सांगली जिल्ह्यात आहे. माहेरी त्यांचे नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होते, परंतु मुलींस अक्षर शिकवावे असा त्या घरी रिवाज नव्हता. १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह माधवरावांशी झाला. माधवराव त्या वेळी सुमारे बत्तीस वर्षांचे, मोठे विद्वान व सरकारी न्यायाधीश होते. त्यांची पहिली पत्नी वारली होती. वधूस मात्र आपले नावही लिहिता येत नव्हते.

लग्न झाल्यावर माधवरावांनी लगेच तिला मुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला. दिवसा घरकाम आणि रात्री धडा, असा क्रम चालला. घरातील वडीलधाऱ्या बायकांस हे मुळीच आवडत नसे. सुनेने पुस्तक हाती घ्यावे, मोठ्याने वाचावे, हा त्यांस घराण्याचा कमीपणा वाटे. टोमणे होत, अबोला होई. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि धडाही सोडला नाही. पुढे इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा परदेशी शिक्षिकेजवळ बसून उठल्यावर त्यांस स्नान करावे लागे. त्यावाचून घरात वावरण्याची मुभा नसे. परक्याच्या स्पर्शाने विटाळ होतो ही समजूत किती बळकट असते, हे त्या बाईने पुस्तकात वाचले नव्हते. थंडीच्या दिवसांत अंगावर पाणी घेऊन अनुभविले होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

रानडे यांच्या कामाचा आमच्या भागाशीही संबंध आला. १८७५ च्या मे महिन्यात सुपे या गावी कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावी पसरला आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा निघाला. त्या कायद्याचा अंमल नीट चालतो की नाही हे पाहण्याचे काम पुढे माधवरावांकडे आले, आणि त्यासाठी त्यांस तालुक्यातालुक्यांतून फिरावे लागे. या फिरतीत रमाबाई पुष्कळदा बरोबर असत. खेड्यातील बाईचे बाळंतपण, तिचे दुखणे व तिचे निरक्षरपण त्यांनी अशा रीतीने शहराबाहेरही पाहिले.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ति वारले. शेवटच्या दुखण्यात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली. वय सुमारे एकोणचाळीस. पोटी मूल नाही. त्या काळच्या विधवेपुढे जो मार्ग ठेवलेला असे तो म्हणजे घराचा कोपरा. सुमारे एक वर्ष रमाबाई तशाच राहिल्या. नंतर त्या पुण्यात येऊन राहिल्या व हळूहळू बाहेर पडू लागल्या. तुरुंगातील स्त्रियांस भेटावे, रुग्णालयातील आजाऱ्यांची विचारपूस करावी, असे त्यांनी चालू केले. खाटेवर पडलेल्या बायांस आपल्या भाषेत बोलणारी, आपला संकोच जाणणारी परिचारिका मिळत नाही, ही उणीव तेथे कोणाच्याही नजरेत भरण्याजोगी होती.

उणीव का होती, हे सांगितले पाहिजे. ससून रुग्णालय पुण्यात १८६७ पासून उभे होते. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० साली लंडन येथे परिचारिकांची शाळा घालून या कामास शिक्षणाची व अब्रूची जोड दिली होती. हिंदुस्थानातही काही मोठ्या रुग्णालयांतून असे शिक्षण सुरू झाले होते. १८९१ साली बाई काशीबाई गणपत ही पहिली हिंदी परिचारिका शिक्षणास आली, अशी परिचर्येच्या इतिहासात नोंद आहे. मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयात १८९७ मध्ये परिचारिकांचे वर्ग निघाले, आणि आपल्या मंडळ्यांतील मुली अशा रुग्णालयांतून पूर्वीच या कामास लागल्या होत्या. परंतु उच्चवर्णीय हिंदु घरांत हे काम हलके मानले जाई. रक्त, पू व मलमूत्र यांस हात लावावयाचा, बाळंतिणीचा विटाळ घ्यावयाचा, परक्या पुरुषाच्या खाटेजवळ उभे राहावयाचे, यांतील एकेक गोष्ट जातीबाहेर पडण्यास पुरेशी वाटे. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला, तेव्हा शिकलेल्या हातांची किती टंचाई आहे हे सर्वांनी पाहिले. तरी समजूत हटली नाही.

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी सेवासदन ही संस्था काढली. तिच्या अध्यक्षपदी रमाबाई होत्या. १९०९ साली पुण्याचे सेवासदन निघाले. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे गृहस्थ या कामी त्यांचे उजवे हात होते. स्त्रियांस शिक्षण देऊन त्यांस स्वतःच्या पायांवर उभे करावे आणि त्यांच्या हातून लोकांची सेवा घडावी, असा दुहेरी हेतु होता. पुढे थोड्याच काळात परिचारिका व सुईणी तयार करण्याचे कामही संस्थेने अंगावर घेतले, आणि ससून रुग्णालयात शिक्षणासाठी बाया पाठविण्यास आरंभ झाला.

येथेच रमाबाईंची दूरदृष्टि दिसते. परिचारिका व्हावयास येणारी बाई बहुधा विधवा किंवा टाकलेली. वय वीस, पंचवीस, तीस. शिक्षण काहीच नाही, किंवा लहानपणी चार यत्ता होऊन विसरलेले. अशा बाईस एकदम रुग्णालयाच्या दारी नेऊन सोडले असते, तर औषधाच्या बाटलीवरील नाव तिला वाचता आले नसते आणि ती महिन्याभरात परत फिरली असती. म्हणून सेवासदनात प्रौढ बायकांसाठी प्राथमिक वर्ग होते. पहिल्याने लिहिणे, वाचणे व हिशेब. मग आजाऱ्याची काळजी व प्रथमोपचार. मग रुग्णालयातील शिक्षण. आणि शेवटी परीक्षा. ज्या बाया रुग्णालयात शिकत त्यांच्या राहण्यासाठी संस्थेने वसतिगृह चालविले. त्यामुळे घरच्यांस आपली लेक कोठे राहते, कोणाच्या नजरेखाली असते, याची खात्री पटे. परक्या शहरी कसे राहावे या शंकेस रमाबाईंनी व्याख्यानाने उत्तर दिले नाही. छप्पर देऊन दिले.

रुग्णालयात पाय ठेवल्यावर खरी परीक्षा सुरू होई. परिचारिकेचे शिक्षण ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की, आरंभीचे महिने मोठ्या विद्येचे नसतात. चादर सुरकुतीवाचून अंथरावी, कारण सुरकुतीने निजलेल्या माणसाच्या पाठीस जखम होते. हात पुन्हा पुन्हा धुवावे, कारण एकाचे दुखणे दुसऱ्यास आपल्याच बोटांनी जाते. नाडी मोजावी, ताप पाहावा आणि जे दिसले तेच लिहावे. आपल्या मनचे लिहू नये. मलमूत्राचे भांडे न्यावे, आणि नेताना तोंड वाकडे करू नये, कारण आजारी माणूस आधीच लाजेने अर्धमेला झालेला असतो. मग शरीराची रचना, औषधांची मात्रा, शस्त्रक्रियेची तयारी, बाळंतपण. मग रात्रपाळी, जिच्यात सारा कक्ष निजलेला असता एकटीने जागे राहून कोणाचा श्वास बदलला हे ओळखावयाचे. ही शिडी आहे. एक पायरी गाळून दुसरी चढता येत नाही. ज्या बाईने स्वतः अकराव्या वर्षी मुळाक्षरापासून आरंभ केला, आणि ज्ञानासाठी थंडीत स्नाने केली, तिला या पायऱ्यांची किंमत दुसऱ्याने सांगावी लागली नाही.

तथापि शिकणाऱ्या बायांचा मार्ग सोपा झाला असे कोणी समजू नये. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. एक विधवा बाई बक्षीस घेण्यास पुढे आली. रूढीप्रमाणे तिचे केस काढलेले होते, अंगावर साधे लुगडे, डोक्यावरून पदर घेतलेला. तिला पाहून वर गच्चीवर बसलेल्या तरुण विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई एरवी शांत स्वभावाच्या. परंतु त्या दिवशी समारंभाच्या शेवटी त्या बोलावयास उठल्या तेव्हा त्यांचा संताप आवरेना. ज्यांस कॉलेजात जाऊनही दुःखी बहिणीची थट्टा करवते त्यांस सुशिक्षित म्हणावे तरी कसे, असे त्यांनी त्या तरुणांस भर सभेत सुनावले. घरी वर्षानुवर्षे टोमणे निमूटपणे सोसणाऱ्या याच रमाबाई होत. स्वतःवरील अपमान त्यांनी गिळला. आपल्या विद्यार्थिनीवरील एकही गिळला नाही. शिक्षणसंस्था चालविणाराने कोणत्या ठिकाणी नम्र व्हावे व कोणत्या ठिकाणी कठोर व्हावे, याचा हा धडा आहे.

रमाबाईंनी पुढेही विश्रांति घेतली नाही. आळंदीच्या यात्रेत त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात. पुण्यात मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून झालेल्या चळवळीत त्या अग्रभागी होत्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे ज्या घरांनी एके काळी लेकीस रुग्णालयाकडे फिरकू दिले नाही त्याच घरांतून पुढे परिचारिका निघाल्या, हे होय.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. बारामतीस सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि २०१९ पासून बारामतीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. आषाढात तुकारामांची पालखी या वाटेने पंढरीस जाते, तेव्हा थकलेल्या, ताप भरलेल्या वाटसरूंजवळ आरोग्यखात्याच्या परिचारिका उभ्या असतात. शिक्षणाची शिडीही आज अधिक सरळ आहे. एएनएम म्हणून ओळखला जाणारा क्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि परिचर्येतील पदवीचा चार वर्षांचा. पदवीसाठी बारावीस विज्ञान विषय लागतात. जीएनएम झालेल्या बाईस पुढे दोन वर्षांत पदवी घेता येते. म्हणजे खालच्या पायरीवर चढलेली बाई तेथेच अडकून पडत नाही. परीक्षा उतरल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदविले पाहिजे. प्रवेशाचे नियम व प्रवेश परीक्षा यांत फेरफार होत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे पत्रक स्वतः वाचावे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. संस्था सरकारमान्य व परिषदमान्य आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

उपदेशकबंधूंस आमची एक विनंति आहे. आपल्या गावात जिचे शिक्षण मध्येच थांबले आहे अशी बाई कोण, हे तुम्हांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. तिच्या घरी जा. तिचा शाळेचा दाखला शोधून द्या, अर्ज भरताना जवळ बसा, पहिल्या दिवशी वसतिगृहापर्यंत तिच्या वडिलांस घेऊन जा. ती दोन महिन्यांनी रडत घरी आली, तर तिला उशीर झाला असे म्हणू नका. रमाबाईंची गोष्ट सांगा व परत पोहोचवा. पुढील पायऱ्या ती स्वतः चढेल. पहिल्या पायरीपाशी मात्र कोणीतरी उभे असावे लागते.