बाबूराव पेंटर : अपुऱ्या कॅमेऱ्याचा वारसा

बाबूराव कृष्णराव मिस्त्री, अर्थात बाबूराव पेंटर, यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकला व शिल्पकला त्यांनी स्वतःच आत्मसात केली. बंधू आनंदराव यांच्यासमवेत त्यांनी रंगविलेले नाटकांचे पडदे नावाजले गेले. वेध मात्र दोघांना चलच्चित्रांचे लागले होते. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी प्रोजेक्टर विकत घेतला आणि चित्रपटांचे खेळ करता करता स्वतःचा कॅमेरा घडविण्यास आरंभ केला. दोन्ही यंत्रांचे मर्म एकच. फिल्म अखंड धावत नाही. प्रत्येक चौकटीपाशी क्षणभर थबकते आणि ती पुढे सरकत असताना फिरती झडप प्रकाश अडवते. ही लय किंचित चुकली, तरी चित्र फिसकटते.

१९१६ मध्ये आनंदराव निवर्तले, तेव्हा कॅमेरा अपुराच होता. बाबूरावांनी तो टाकला नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने १९१८ मध्ये त्यांनी तो चालता केला. तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातील कीचकवध इतका खरा भासला, की ते दृश्य वगळावे लागले. आनंदरावांना हे पाहता आले नाही, ही रुखरुख मात्र राहतेच.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल व शांताराम ‘प्रभात’च्या उभारणीसाठी बाहेर पडले. बाबूराव कालांतराने पुन्हा चित्र-शिल्पांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.