व्रत आणि दुकान

स्वदेशी मालाची स्तुति करण्यास खर्च येत नाहीं. सभेंत टाळ्या मिळतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, आणि दुसरे दिवशीं बोलणारा व ऐकणारा हे दोघेही पूर्वीच्याच दुकानीं जाऊन पूर्वीचाच माल घेतात. हा केवळ मनाचा दुबळेपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां घ्यावयाचा निश्चय असला तरी माल कोठें मिळतो हें ठाऊक नसतें. मिळाला तर महाग पडतो. महाग घेतला तर टिकत नाहीं. निश्चय आणि बाजार यांमधील हें अंतर ज्या थोड्या पुरुषांनीं आरंभींच ओळखलें व आपल्या पदरास खार लावून तें तोडण्याचा यत्न केला, त्यांत पुण्याचे सार्वजनिक काका हे अग्रगण्य होत. आमच्या व्यापारी वाचकांस त्यांचें चरित्र आज पुन्हां एकवार सांगण्याचें कारण हेंच.

काकांचें मूळ नांव गणेश वासुदेव जोशी. त्यांचा जन्म १८२८ सालीं साताऱ्यास झाला. ते वीस वर्षांचे असतां, १८४८ सालीं, साताऱ्याची गादी खालसा झाली. म्हणजे ज्या गांवांत ते वाढले तेथील राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत गेलें. पुढें पुण्यास येऊन त्यांनीं वकिलींत चांगला जम बसविला. तेथें पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं लोकांच्या तक्रारी होत्या. त्या सरकारापुढें मांडावयाच्या तर बोलणाऱ्यास लोकांनीं अधिकार दिला पाहिजे, हा विचार पुढें आला आणि त्यांतूनच २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभेची स्थापना झाली. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा तिचा नियम होता. याप्रमाणें सुमारे सहा हजार लोकांच्या वतीनें पंचाण्णव प्रतिनिधि एकत्र बसले. लोकांच्या नांवानें बोलण्यापूर्वीं लोकांची सही घ्यावी, ही वकिली शिस्त काकांनीं सार्वजनिक कामास लाविली. आणि लोकांनींही सभेचें नांवच त्यांस देऊन टाकलें.

त्या काळीं महाराष्ट्राची सांपत्तिक स्थिति कशी होती, हें व्यापाऱ्यांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां इंग्लंडास तिकडील कापूस मिळेना, म्हणून आमच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपतांच तो कोसळला आणि कर्जें मात्र मागें राहिलीं. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्याचें एक मूळ येथें होतें. इकडे कोष्टी व साळी यांच्या मागांवर विलायती कापडानें संक्रांत आणिली होती. आमचा कापूस गांठोडीं बांधून समुद्रापार जाई आणि धोतरजोडा होऊन परत येई. मधली मजुरी, भाडें, विमा आणि नफा हीं सर्व परक्यांच्या घरीं राहात. लोकहितवादींनीं या गोष्टीचा इशारा काकांच्या पूर्वीं वीस वर्षें दिला होता. १८७१ सालीं माधवराव रानडे पुण्यास आले व त्यांनीं व्यापाराविषयीं व्याख्यानें देऊन ती कारणपरंपरा लोकांपुढें उलगडून दाखविली. 

काकांचा स्वभाव असा कीं, जें पटलें तें प्रथम स्वतःच्या अंगावर घ्यावें. १२ जानेवारी १८७२ रोजीं त्यांनीं देशी, हातानें काढलेल्या सुताचेंच कापड वापरण्याची शपथ घेतली. नुसतें विकत घेण्यावर ते थांबले नाहींत. स्वतः सूत काढूं लागले. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस मोठा दरबार भरला, त्या प्रसंगीं सभेच्या वतीनें मानपत्र घेऊन ते गेले. राजेरजवाडे जरीच्या पोशाखांत झळकत असतां, हा पुण्याचा वकील पांढऱ्या जाड्याभरड्या खादींत उभा होता. आणि त्याच्या हातांतील कागदांत, ब्रिटिश प्रजेस जे हक्क तेच हिंदी प्रजेस मिळावेत, अशी मागणी होती. ही कथा आमच्या वाचकांच्या कानांवरून पूर्वींही गेली असेल.

परंतु आमच्या मतें काकांचा खरा मोठेपणा दिल्लीच्या मांडवांत नसून देशी मालाच्या दुकानांत आहे. एकट्यानें खादी नेसल्यानें एका माणसाचें अंग झांकतें. कोष्ट्याचा माग चालत नाहीं. माग चालण्यास गिऱ्हाईक रोज यावें लागतें आणि गिऱ्हाईक येण्यास माल एके ठिकाणीं मांडलेला असावा लागतो. म्हणून काकांनीं शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा नित्याच्या वस्तु देशांत तयार करविण्यास उत्तेजन दिलें आणि त्यांच्या विक्रीसाठीं पुणें, सातारा, मुंबई, नागपूर, सुरत इत्यादि ठिकाणीं भागीदारीचीं दुकानें काढविलीं. देशी मालाचीं प्रदर्शनें भरविलीं. आग्र्यास निघालेल्या सुताच्या गिरणीसही त्यांचें प्रोत्साहन होतें. या सर्वांत त्यांच्या वकिलीची मिळकत खर्च होत असे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं १८७१ सालीं स्त्रीविचारवती ही स्त्रियांची सभा काढली होती. घरांत कोणता जिन्नस यावा हें बहुधा गृहिणीच ठरविते, हें ज्यांस माहीत आहे त्यांस पतिपत्नींच्या या दोन कामांतील नातें सांगावयास नको.

एवढ्यावर त्यांचीं कामें संपलीं नाहींत. लोकांनीं आपसांतील तंटे कोर्टाबाहेर मिटवावेत म्हणून सभेनें लवादाची व्यवस्था केली, तींत ते पुढें होते. ज्याची चूल कोर्टांतील तंट्यांवर चाले त्यानेंच ही खटपट करावी, हें विशेष होय. १८७६ व १८७७ च्या दुष्काळांत सभेनें गांवोगांवची हकीकत गोळा करून सरकारपुढें मांडली. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला झाला, तेव्हां त्यांचें वकीलपत्र घेण्याचें धैर्य काकांनीं दाखविलें. पुढच्याच वर्षीं, २५ जुलै १८८० रोजीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

आतां एक अप्रिय गोष्ट बोलणें प्राप्त आहे. काकांचीं दुकानें त्यांच्या मागें फोफावलीं नाहींत. याचा दोष लोकांच्या निष्ठेस देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण जें काम एका माणसाच्या थैलीवर उभें असतें तें त्या माणसाबरोबर बसतें, हा व्यवहाराचा नियम आहे. सभा उभारतांना काकांनीं सहा हजार सह्या घेतल्या होत्या. दुकानांमागें सहा हजार भागधारक असते तर गोष्ट निराळी झाली असती. हा धडा महाराष्ट्र हळूहळू शिकला. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर पैसा पैसा गोळा करून पैसा फंड उभारला व त्यांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आणि १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगानें प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांनीं स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना सुरू केला. सहकारांत पुढें जे दोष शिरले ते आम्हांस ठाऊक आहेत. पण अनेकांचें थोडें थोडें भांडवल एकत्र आल्यावांचून गांवाचा पैसा गांवांत फिरत नाहीं, हें सत्य त्या दोषांनीं खोटें ठरत नाहीं.

काकांच्या शपथेस आतां दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. परकी सत्ता गेली, जकाती ठरविण्याचा अधिकार आपल्या हातीं आला. तरीही आपल्याच तालुक्यांतील कारागिराचा माल आपल्याच पेठेंत मिळूं नये, ही स्थिति अनेक गांवीं आढळते. ही उणीव कायद्यानें भरून निघणारी नाहीं. ती भरून काढणें आमच्या व्यापारी बंधूंच्या हातीं आहे. दुकानाची एक फळी तालुक्याच्या मालास द्या. तो माल तपासून घ्या, वाईट असेल तर परत करा, चांगला असेल तर रोखीनें घ्या. दहाजण मिळून भांडवल घाला आणि हिशेब उघडा ठेवा. देशी म्हणून वाईट माल गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधणें हा त्या मालाचा द्रोह होय. व्रत पाळणारे लोक आपल्यांत कधींच कमी नव्हते. कमी पडलीं तीं दुकानें. आणि तीं काढण्याची विद्या ज्यांच्यापाशीं आहे, त्यांनींच आतां काकांचें राहिलेलें काम हातीं घेतलें पाहिजे.