मुलांचे डॉक्टर : यानुश कोर्चाक

यरुशलाईमच्या याद वाशेममध्ये एका शिल्पासमोर पाहुण्यांची पावले थबकतात. एक वयस्क माणूस आणि त्याच्या कवेत मिटून उभी राहिलेली मुले. हे शिल्प डॉ. यानुश कोर्चाक यांचे. त्यांचा शेवट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेला असतो. पण त्याआधीचे आयुष्य फारसे कोणी सांगत नाही. आम्ही जन्मभर शिक्षकाचा पेशा केला, म्हणून आज ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सा शहरी, २२ जुलै रोजी. साल १८७८ किंवा १८७९, कारण वडिलांनी नोंद वेळेवर केली नाही. वडील नामांकित वकील होते, पण पुढे त्यांना मनाचा आजार जडला आणि १८९६ साली ते वारले. शिकवण्या करून ह्या मुलाने घराला हातभार लावला. १८९८ मध्ये एका लेखनस्पर्धेसाठी घेतलेले टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले. १९०५ साली ते डॉक्टर झाले आणि वॉर्सातील ज्यू बालरुग्णालयात काम करू लागले.

औषधाने ताप उतरतो, परंतु मूल पुन्हा त्याच उपासमारीत परत जाते, हे त्यांनी पाहिले. म्हणून १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी उघडलेल्या वसतिगृहाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. स्तेफानिया विल्चिन्स्का ह्या बाई अखेरपर्यंत त्यांच्या सहकारी होत्या. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच, आणि त्यांच्या कायद्यातील पहिली नव्याण्णव कलमे क्षमेची! मोठ्यांवरही तेथे फिर्याद करता येई; खुद्द डॉक्टरांनाही मुलांपुढे आरोपी म्हणून उभे राहावे लागले. १९२६ साली त्यांनी मुलांनी लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. छडीच्या धाकात शिकलेल्या आणि पुढे तीच छडी हाती धरलेल्या आम्हांसारख्यांना हे वाचताना मान खाली घालावी लागते.

त्यांची ‘राजा मात्युश पहिला’ ही कादंबरी जगभर गाजली. बाप वारल्यामुळे एक लहान मुलगा राजा होतो आणि मुलांची संसद भरवतो. युद्ध, कपट, मुत्सद्देगिरी हे सारे त्याच्या निष्पाप डोळ्यांनी आपल्याला दिसते. शेवटी त्याचे राज्य जाते आणि त्याला ओसाड बेटावर धाडण्यात येते. मुलांना गोड शेवटाची थाप मारणे कोर्चाकांना मान्य नव्हते.

१९३४ व १९३६ साली ते ह्या देशात आले आणि एन हारोद किबुत्झमध्ये राहिले. येथे कायमचे यावे असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. पण वॉर्सातील मुलांना सोडून येणे जमेना. १९३९ मध्ये जर्मन फौजा शिरल्या आणि १९४० साली अनाथालयाला घेटोच्या भिंतीआड जावे लागले. ज्यूंसाठी सक्तीची केलेली दंडावरची पट्टी त्यांनी बांधली नाही. त्या सुमारास त्यांना तुरुंगवासही घडला. सुटून आल्यावर हे प्रकृतीने खचलेले डॉक्टर मुलांच्या भाकरीसाठी दारोदार फिरले.

आता आपल्या जुन्या देशाचा संबंध येतो. १८ जुलै १९४२ रोजी ह्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ नाटक केले. वैद्याच्या हुकुमाने खोलीत कोंडलेला आजारी अमल खिडकीशी बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी शांतपणे झोपी जातो. बंगालातील हा मुलगा घेटोतल्या मुलांना परका वाटला नसेल. त्यांचीही खिडकी भिंतीवरच उघडत होती. मुलांनी मृत्यूला न भिता सामोरे जावे, म्हणून डॉक्टरांनी हे नाटक निवडले असे सांगतात.

चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेटोतील माणसांना त्रेब्लिंकाला नेण्यास सुरुवात झाली. त्याच संध्याकाळी तिशा बेआव लागत होता. कोकणात आणि मुंबईत आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या वेळी बिर्द्याचा रोजा धरला असेल. वॉर्सात काय चालले आहे हे त्यांना कोठून कळणार?

आपल्या रोजनिशीच्या शेवटच्या नोंदीत कोर्चाक खिडकीतल्या झाडांना पाणी घालताना समोरच्या बंदूकधारी पहारेकऱ्याकडे पाहतात. हा पूर्वी कोण असेल, कदाचित एखाद्या खेड्यातला मास्तर तर नसेल, असा प्रश्न त्यांना पडतो. हा प्रश्न आम्हांला आजही झोपू देत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांना बाहेर काढण्यात आले. डॉक्टरांना लपवण्याची तयारी मित्रांनी आधीच दाखवली होती. त्यांनी ती नाकारली. मुले रांगेने चालली, त्यांच्याबरोबर डॉक्टर, स्तेफाबाई आणि इतर शिक्षक. त्रेब्लिंकाहून कोणीही परतले नाही.

आज तेथे हजारो दगड उभे आहेत. काहींवर गावांची नावे आहेत. माणसाचे नाव असलेला दगड एकच, कोर्चाक आणि मुले यांचा. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला, तो पोलंडनेच प्रथम सुचवला होता.

पहारेकरी मास्तर होता की नाही, कोण जाणे. पण मुलांचा हात धरून गाडीत चढलेला माणूस मात्र खराखुरा गुरू होता. नातवंडांना याद वाशेमला न्याल तेव्हा त्यांना त्याच्या मरणाआधी ती नव्याण्णव क्षमेची कलमे सांगा, एवढीच आमची विनंती.